इस्त्रीखोलीतला चहाडखोर

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्ही म्हणाल, ही कसली जुनी डबी? तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. साबणाच्या वडीएवढा माझा देह, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, आणि पोटावर धुरकट झालेली काच. पण मी माणसाच्या रक्तातली साखर मोजणारं यंत्र आहे, आणि एके काळी माझ्या काचेवर काय उमटतं ते पाहायला माणसं श्वास रोखून उभी राहायची. दुकानात मला भलंमोठं नाव होतं. ते कुणाच्या जिभेवर बसेना. मग मी जिथे नोकरी केली तिथल्या मंडळींनी माझं नाव ठेवलं चहाडखोर. कुणी चोरून गोड खाल्लं की मी ते चारचौघांत उघडं पाडतो, म्हणून. मला हे नाव बिलकूल आवडलं नव्हतं. चहाडी करणाऱ्याच्या मनात खोट असते, आणि माझ्या पोटात तर एका बॅटरीशिवाय काहीच नव्हतं. पण नाव ठेवणाऱ्यांचे हात कोण धरणार?

माझा जन्म एका स्वच्छ, थंड कारखान्यात झाला. चिमट्याने तांब्याच्या तारा उचलणाऱ्या बायकांनी मला जोडलं. पहिल्याच दिवशी माझी परीक्षा झाली. मोजूनमापून साखर घातलेल्या पाण्याचा थेंब मला दिला आणि माझा आकडा बरोबर येतो का ते पाहिलं. मी पहिल्या फटक्यात पास झालो. माझ्या शेजारचा भाऊ नापास झाला, त्याला पुन्हा उघडलं, तेव्हा मी जरा फुशारलोच. मग खोक्यात बसून मी औषधांच्या दुकानात गेलो आणि तिथे खोकल्याच्या औषधामागे पडून राहिलो. धूळ खाणं म्हणजे काय ते मला तरुणपणीच कळलं.

मला तिथून उचललं ते अण्णांनी. अण्णा एका मोठ्या धुलाई कारखान्याच्या इस्त्रीखोलीचे मुकादम होते. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, पडदे तिथे गाड्या भरभरून यायचे. खालच्या मजल्यावर धुलाई, वरच्या मजल्यावर इस्त्री. मोठमोठ्या गरम रुळांमधून ओल्या चादरी जायच्या आणि पलीकडून ताठ होऊन बाहेर पडायच्या. बारीक कामाला हातातल्या इस्त्र्या होत्या. खोलीत सदान्‌कदा वाफ. भिंतींना घाम, छताला घाम, माणसांना घाम. प्रत्येकाच्या टेबलाखाली पाण्याचा मोठा कॅन असायचा आणि दुपारपर्यंत तो रिकामा व्हायचा. ही कॅनची गोष्ट नीट ऐकून ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळेच झालं.

अण्णांचा सख्खा भाऊ त्याच खोलीत इस्त्री करायचा. पन्नाशी उलटल्यावर त्याला मधुमेह निघाला, तोही पायाची जखम चिघळल्यावर. पाय कापावा लागला. अण्णा तेव्हापासून हबकले होते. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. अण्णांनी मला विकत आणलं आणि खोलीत एक नियम घालून दिला. ज्याला चाळिसावं लागेल, त्याने त्या दिवशी सगळ्यांसमोर बोट पुढे करायचं. पन्नाशीत येणाऱ्या पाहुण्यासाठी चाळिशीतच दाराशी उभं राहायचं, असा त्यांचा हिशोब. याहून जास्त सावध माणूस कुठे मिळणार?

बघता बघता त्या नियमाचा सोहळाच झाला. कुणाची चाळिशी आली की जेवणाच्या सुट्टीत रूळ थांबायचे. घड्या घालायच्या टेबलावर धुतलेली पांढरी चादर अंथरायची, मधोमध मी. चाळिशीवाल्याला उंच स्टुलावर बसवायचं. अण्णा स्वतः त्याच्या बोटाला सुई टोचायचे, थेंब माझ्यात खोचलेल्या पट्टीला लावायचे, आणि मी आकडा दाखवेपर्यंत सगळी खोली चिडीचूप. आकडा चांगला आला की टाळ्या, फळांच्या फोडी आणि "आता तुझं बालपण संपलं रे बाबा" म्हणून पाठीत धपाटे. खालच्या धुलाईवाल्यांना याचा हेवा वाटायचा. खरं सांगतो, त्या चादरीवर बसलो की मला स्वतःला नवरदेवासारखं वाटायचं.

त्या खोलीत निरनिराळ्या मुलखांतली, निरनिराळ्या वंशांची माणसं होती. अण्णा आणि त्यांचे सोबती शहरातले, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. रुळांवरची उंच माणसं डोंगराकडची. आणि हातइस्त्रीवर बहुतेक सगळे खाडीकडचे. खाडीकडच्यांचे आजोबा-पणजोबा होड्यांमधून कामासाठी आले आणि इथलेच झाले. माणसं सडपातळ, चपळ, बोलायला फटकळ. त्यांच्यात एक म्हण होती, आमच्याकडे म्हातारपण पाय धुऊन लवकर येतं. पंचेचाळिशीत नजर जायची, पन्नाशीत पाय जड व्हायचे, आणि कुणी त्याबद्दल काही विचारलंच तर ते हसून म्हणायचे की खाडीचं पाणीच तसं.

या खाडीकडच्यांपैकी एक बाई म्हणजे आत्या. ती कुणाची आत्या होती ते पुढे सांगतो, पण सगळी खोलीच तिला आत्या म्हणायची. तिच्यासारखी इस्त्री कुणाला जमत नसे. शर्टाची कॉलर तिच्या हाताखालून गेली की सुरकुती म्हणजे काय हे त्या कॉलरला आठवतही नसेल. एकदा वाफेच्या नळातून उकळतं पाणी तिच्या पावलावर पडलं. कातडी लाल झाली, फोड आला, तरी बाईसाहेब इस्त्री फिरवत उभ्या. शेजारणीने ओरडून दाखवलं तेव्हा तिने खाली पाहिलं. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. लोखंडाची बाई आहे, म्हणाले. तिलाही ते ऐकून बरं वाटलं.

पुढे आत्याची चाळिशी आली. चादर अंथरली, स्टूल आलं, थेंब आला, आणि मी आकडा दाखवला तो भलता मोठा. त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत. दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले की ही साखर कालपरवाची नाही, ही बऱ्याच वर्षांपासून मुक्कामाला आहे, आणि पायांची जाणीव तिने केव्हाच नेली आहे. आत्या परत आली ती औषधं आणि मऊ तळाचे बूट घेऊन. आता गंमत बघा. गंमत कसली, पण बघा. खोलीत सगळ्यांनी अण्णांची पाठ थोपटली. चाळिशीचा नियम होता म्हणून बाई वाचली, असं जो तो म्हणू लागला. नियमाने साखर पकडली हे सगळ्यांना दिसलं. ती किती उशिरा पकडली, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आलाच नाही. अण्णांनी त्या कौतुकात माझ्यासाठीसुद्धा एक नवी पिशवी शिवून घेतली.

नंतरची वर्षं माझ्या भरभराटीची होती. आत्या रोज सकाळी इस्त्री तापेपर्यंत माझ्यासमोर बोट धरायची. माझ्याशी बोलायचीसुद्धा. आकडा चांगला आला तर "शहाणा आहेस", आणि वाईट आला तर "चहाडखोर मेला". मला दोन्हींची सवय झाली. साठी ओलांडल्यावर अण्णांनाही साखर निघाली, पण ती अगदी सुरुवातीला सापडली. ते दोन गोळ्यांवर ठणठणीत राहिले. आपल्या नियमावरचा त्यांचा विश्वास आणखी पक्का झाला.

अशा वेळी इस्त्रीखोलीत काडी आली.

काडी म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाची मुलगी. आत्या तिची खरीखुरी आत्या, आणि ती आत्याची लाडकी भाची. चोविशीतली पोर, फुंकर मारली तर उडेल इतकी बारीक, म्हणून काडी. जिभेला हाड नाही. अण्णांच्या चालण्याची नक्कल अण्णांसमोर करायची आणि अण्णा हसून हसून चष्मा पुसायचे. हात मात्र आत्यासारखाच. वर्षभरात तिला हॉटेलांचे रेशमी पडदे द्यायला लागले, आणि रेशीम काही कुणाच्याही हाती देत नाहीत.

मग तिचं काम बिघडू लागलं. एका पडद्यावर पिवळा डाग पडला, दुसऱ्यावर पडला. आत्याने तिला बाजूला घेऊन झापलं. काडी म्हणाली की लक्ष होतं, पण शिवण दोन-दोन दिसते. अण्णांनी उजेड वाढवून दिला. पोर बसल्या जागी पेंगायला लागली, तेव्हा खोलीने तिला प्रेमप्रकरणावरून चिडवून घेतलं. कपडे सैल झाले तेव्हा बायका म्हणाल्या, आम्हालाही सांग ग तुझं गुपित. आणि पाणी? पाणी तर ती घटाघटा प्यायची, दुपारच्या आत दोनदा कॅन भरून आणायची. पण त्या वाफेच्या खोलीत पाणी कोण पीत नव्हतं? भट्टीसमोर बसलेल्याची तहान कोण मोजणार?

मी टेबलाच्या खणात होतो. दिवसभर खण अर्धवट उघडा असायचा आणि मला सगळं ऐकू यायचं. मला जे कळत होतं ते मला सांगता येत नव्हतं. मित्रांनो, मला तोंड नाही, फक्त काच आहे, आणि त्या काचेला आधी एक थेंब लागतो. काडीचा थेंब माझ्यापर्यंत येणार होता तो सोळा वर्षांनी. नियम चाळिशीचा होता ना! मला तेव्हा फार भीती वाटली. आत्याचे पाय मी रोज पाहत होतो.

दुसरीकडे अण्णा वैतागले होते. डागांच्या तक्रारी वरपर्यंत गेल्या होत्या. काडीला इस्त्रीवरून काढून खाली मळके कपडे निवडायला पाठवायचं, असं ठरलं. आत्याने विनवणी केली, तेव्हा अण्णांनी महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं.

त्याच महिन्यात बॉयलरवाल्याची चाळिशी आली. त्याला सगळे पैलवान म्हणायचे. दंड माझ्यासारखी यंत्रं चिरडतील असे, आणि सुईला असा घाबरायचा की विचारू नका. चादर अंथरली, तो स्टुलावर बसला, आणि अण्णांनी सुई काढताच टुणकन उतरला. पुन्हा बसवला, पुन्हा उतरला. त्याचा चेहरा चादरीसारखा पांढरा पडला. खोली हसून बेजार. काडी फळांच्या फोडी करत उभी होती. ती सुरी ठेवून पुढे आली. एवढा मोठा गडी आणि मुंगीच्या चाव्याला भितो, म्हणाली, आणि अण्णांच्या हातातून नवी सुई घेऊन स्वतःच्याच बोटाला टोचलीसुद्धा. थेंब आला. कुणीतरी चेष्टेत पट्टी पुढे केली. तिने थेंब लावला.

मी मोजलं. निरोगी माणसाचा आकडा शंभराच्या आसपास असतो, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. मी पाचशेच्या पुढचा आकडा दाखवला.

सगळ्यांच्या माना माझ्या काचेवर वाकल्या. मग हशा पिकला. अण्णांनी सांगितलं की पोरीच्या हाताला फळाचा रस आहे, यंत्राने रसाची साखर मोजली. ते अगदी अडाणीपणाचं बोलणं नव्हतं, असं होतं कधी कधी. काडीने साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. मी पुन्हा तेच सांगितलं. आता अण्णांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. स्वतःचं बोट टोचलं, त्यांचा नेहमीचा आकडा आला. पैलवानाने डोळे मिटून बोट दिलं, त्याचा नव्वदच्या घरातला आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि विषय संपवला. म्हणे, यंत्राला म्हातारचळ लागलाय, मध्येच बरोबर मध्येच चूक. ही काडी, हिच्या अंगावर चिमटीत धरायला मांस नाही, हिला कुठली साखर? अण्णांनी मला पिशवीत घातलं आणि पुढच्या आठवड्यात नवं यंत्र आणतो म्हणाले. काडी हसत हसत पडद्याकडे निघाली.

मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. खोटं बोललो असतो तर चाललं असतं. खरं बोललो तर वेडा ठरलो.

रूळ पुन्हा फिरू लागले, पण आत्या जागची हलली नव्हती. ती काडीकडे बघत होती, आणि मग काडीच्या टेबलाखालच्या कॅनकडे. तिने भाचीला हाक मारली. आवाज अगदी साधा होता, रुळांच्या घरघरीत जेमतेम ऐकू येईल असा.

"काडे, तू घरी पण इतकंच पाणी पितेस?"

"पिते की."

"घरी कुठे वाफ आहे?"

काडी थांबली. जरा विचार करून म्हणाली, "झोपेतून उठून पिते ग आत्या. उशाशी बाटल्या भरून ठेवते. मला वाटलं, इथली उष्णता अंगात राहते."

आत्याने माझी पिशवी अण्णांच्या हातून काढून घेतली. "अण्णा, हा काही म्हातारा झालेला नाही. मीसुद्धा तिच्या वयाची असताना अशीच पाणी पीत होते. याच टेबलापाशी. तुम्ही चाळीस म्हणालात, मी चाळीसची वाट पाहिली, आणि माझे पाय गेले. हिची वाट नाही पाहायची."

अण्णांनी स्वतः कारखान्याची गाडी काढायला लावली. पैलवानाने काडीला दोन्ही हातांवर उचलून जिन्याने खाली नेलं. ती "अहो, मला चालता येतं" म्हणत होती आणि तो ऐकत नव्हता. मी आत्याच्या मुठीत होतो.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की बरं झालं आजच आणलंत, अजून काही दिवस गेले असते तर ही शुद्ध हरपूनच आली असती. सलाईन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. नजरेचं विचारलं, तर त्या म्हणाल्या की डोळ्याला इजा झालेली नाही, साखर उतरली की नजर परत येईल. आत्या तिथल्या बाकावर बसली.

अण्णा मात्र दाराशी उभे होते, हातात टोपी. त्यांना एकच गोष्ट कळत नव्हती. त्यांनी विचारलं की मी तर पन्नाशीच्या दहा वर्षं आधीचा नियम केला होता, मग चुकलं कुठे? डॉक्टरीणबाईंनी त्यांना शेजारी बसवून समजावलं. त्या म्हणाल्या, नियम तुमच्या लोकांसाठी चांगलाच आहे. तुमच्याकडे हा आजार बहुधा पन्नाशी-साठीत येतो, आणि माणूस पुढे वीसेक वर्षं त्याच्यासोबत काढतो. सगळ्याच समाजांत तसं नसतं. काहींमध्ये तो पंचविशी-तिशीतच येतो, बारीक माणसालाही येतो. आजार तोच, पण त्याच्यासोबत काढायची वर्षं दुप्पट. कुणी लक्ष दिलं नाही तर त्या जास्तीच्या वर्षांत तो डोळे, पाय, मूत्रपिंडं पोखरतो. मग त्यांनी आत्याला विचारलं की तुमच्याकडे म्हातारपण लवकर येतं असं म्हणतात ना? आत्याने मान हलवली. ते म्हातारपण नसतं बाई, त्या म्हणाल्या, पन्नाशीपर्यंत साखरेलाच पंचवीस वर्षं झालेली असतात.

खाडीकडच्यांमध्येच असं का, हेही आत्याने विचारलं. पाण्याचा दोष का? त्या म्हणाल्या, पाण्याचा नाही आणि तुमचाही नाही. थोडं रक्तातून येतं, थोडं कामाच्या वेळांतून आणि खाण्यापिण्यातून, आणि बरंचसं वेळेवर कुणी तपासत नाही त्यातून. यातलं शेवटचं तर उद्यापासून बदलता येईल.

परतताना गाडीत अण्णांनी डोळे पुसले. आपल्याच भावाच्या मापाने आपण सगळ्यांचे कपडे बेतले, एवढंच ते पुटपुटले.

काडी दोन-तीन दिवसांत उठून बसली. नजर सुधारली. मला वाटलं, आता ही पुन्हा कुणाची तरी नक्कल करील. पण इन्सुलिन कसं घ्यायचं ते शिकवायला सिस्टर आल्या, आणि पोरीने भिंतीकडे तोंड फिरवलं. जेवण नको, सुई नको, बोलणं नको. मी उशाजवळच्या कपाटावर होतो. आत्या आली, खुर्ची ओढून बसली.

"डॉक्टर म्हणाल्या, आता जन्मभर," काडी भिंतीकडे बघत म्हणाली. "मला चोवीस वर्षं झालीत, आत्या. म्हणजे अजून पन्नास वर्षं हे असंच? अण्णांना निदान म्हातारपणी झालं. मी पन्नास वर्षं याच्यासोबत काढायची?"

आत्याने बूट काढले, मोजे काढले आणि पाय काडीच्या पलंगावर ठेवले. काळवंडलेली पावलं, एक बोट नसलेलं. काडीने ती पहिल्यांदाच उघडी पाहिली.

"हात लाव," आत्या म्हणाली. काडीने लावला. "मला कळत नाही तुझा हात. मला पण तुझ्याच वयात झाली असणार. कुणी सांगितलं नाही, म्हणून पंधरा वर्षं ती एकटीच माझ्या अंगात राहिली. रड तू, मी अडवत नाही. पण पन्नास वर्षं मोजतेस ना, ती साखरेची कशी झाली? ती तुझी आहेत. तुझ्या बापाची नजर आताच चाललीय, त्याला मिळणार नाहीत, मला मिळणार नाहीत. तुला मिळतील, कारण तुला आज कळलं."

काडी खूप रडली. आत्याही रडली. मग काडीने नाक पुसलं आणि सिस्टरना बोलवायला सांगितलं. पहिली सुई तिने स्वतः घेतली. नंतर माझ्याकडे बघून म्हणाली, "काय रे चहाडखोर, तुझ्या चहाडीमुळे सुटलो का आपण?" ते नाव मला त्या दिवसापासून आवडायला लागलं.

इस्त्रीखोलीत नवा नियम झाला. वयाची अट गेली. कामाला नवीन माणूस आला की अण्णा त्याला बसवून विचारायचे, तुझ्या घरात साखर कुणाला आहे आणि कितव्या वर्षी आली? जिथे ती लवकर आली असेल, तिथे पहिल्याच आठवड्यात बोट पुढे. खाडीकडच्या वस्तीत आत्या मला पिशवीत घालून दारोदार फिरली. सुरुवातीला लोकांनी दारं लावून घेतली. म्हणाले, धडधाकट पोरांच्या बोटांना टोचून दुखणं कशाला ओढवून घ्यायचं? आत्याने कुणाशी वाद घातला नाही. ती बूट काढून पाय दाखवायची, मग बोट आपोआप पुढे यायचं. तिशीतली कितीतरी माणसं सापडली. कुणी गोळ्यांवर राहिलं, कुणी रोज चालायला जाऊ लागलं, कुणी नुसतं सावध झालं. काडीच्या वडिलांनाही साखर निघाली, त्यांची नजर उशीर झाल्यामुळे पूर्ण परतली नाही, पण उरलेली टिकली. आणि वस्तीतली ती म्हण हळूहळू मागे पडली, कारण पन्नाशीतली माणसं पुन्हा होड्या वल्हवायला जाऊ लागली.

काळ कुणासाठी थांबत नाही. नवी यंत्रं आली. आता तर दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवतात, ती दिवसभर आपणहून साखर सांगत राहते. ना सुई, ना थेंब. काडीच्या दंडावर तशी आहे. ती आता इस्त्रीखोलीची मुकादम आहे, साखरेसोबत वीसहून जास्त वर्षं काढलेली, डोळ्यावर साधा चष्मासुद्धा नाही. आत्या सत्तरीत आहे, काठी टेकत येते आणि मुकादमबाईंनाच घड्या घालायला शिकवते. मी काडीच्या घरी एका खणात पडून असतो. माझ्या पट्ट्या आता दुकानात मिळत नाहीत. कधी कधी वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण माझं काम चकतीने पुढे नेलंय, यात रुसण्यासारखं काही नाही.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. मला खणातून काढून पुसा, असं मी म्हणणार नाही. आज घरी गेलात की आजी-आजोबांना, आई-बाबांना, काका-मामांना विचारा, आपल्याकडे साखर कुणाला आणि कोणत्या वयात आली? दुसऱ्याच्या घरचं वय आपल्या घराला लावू नका. कुणाची तहान फार वाढलेली दिसली तर हसण्यावारी नेऊ नका. एवढं केलंत तरी माझ्यासारख्या जुन्या डबीचं भलं झालं असं मी समजेन.

परवा एक गोष्ट घडली, ती सांगतो आणि थांबतो. काडीची लेक काहीतरी शोधत होती, तिच्या हाती मी लागलो. ती सोळा वर्षांची आहे. आईकडे येऊन तिने विचारलं की हे काय, आणि काडीने तिला सगळं सांगितलं. शेवटच्या डबीत थोड्या पट्ट्या उरल्या होत्या, मुदत संपायला आलेल्या. लेक म्हणाली, माझी बघ. काडीचे हात थांबले. ज्या बाईने दुसऱ्यांची शेकडो बोटं टोचली, तिला स्वतःच्या मुलीचं बोट धरवेना. शेवटी मुलीनेच टोचून घेतलं. थेंब आला. माझ्या काचेतले अर्धे ठिपके मेलेत, तरी मी जीव एकवटून आकडा दाखवला. ब्याण्णव.

"म्हणजे मला नाही होणार?" लेकीने विचारलं.

काडीने तिचं बोट स्वतःच्या ओढणीने पुसलं. "ते मला नाही माहीत," ती म्हणाली. "दरवर्षी बघत राहू. आली तर येऊ दे. माझ्या आत्याकडे ती पंधरा वर्षं लपून राहिली, माझ्याकडे काही महिने. तुझ्याकडे तिला लपायला एक दिवससुद्धा मिळणार नाही."